पाण्याखालची स्कूटर: ट्रिगर दाबायच्या आधी काय, नंतर काय

ऑनलाइन मागवलेली स्कूटर, म्हणजे हातात धरली की पंख्याच्या जोरावर माणसाला पाण्याखाली ओढत नेणारी मशीन, घरी येते, रात्रभर चार्जिंगला लागते आणि रविवारी सकाळी थेट पाण्यात जाते. मधलं सगळं राहून जातं. "काय होतंय ओ, बटणच तर दाबायचंय!" खरं आहे, बटणच दाबायचंय. ट्रिगर दाबला की पंखा फिरतो, सोडला की थांबतो, पाच मिनिटांत कुणालाही जमतं. अडचण पुढे आहे. पायांनी पोहत तुम्ही जितकं लांब गेला नसता तितकं लांब ही मशीन नेते, आणि ज्या वेगानं खाली-वर झाला नसता त्या वेगानं खाली-वर करते. कान, फुप्फुसं आणि सिलिंडरमधली हवा मात्र आपल्या जुन्याच हिशेबानं चालतात.

म्हणून खालचा प्रत्येक टप्पा एकाच प्रश्नावर घासून पाहा: आत्ता, या जागी स्कूटर बंद पडली तर मी तिच्याशिवाय परत येईन का?

टप्पा 1: आधी स्वतःला तपासा

मालवण-तारकर्लीला जाऊन एकदा स्कूबा केलं, फोटोही आले, म्हणजे आपल्याला डायव्हिंग येतं असा समज फार आहे. त्या पर्यटक-डाइव्हमध्ये प्रशिक्षक मागून धरून असतो. तुमची खोली, तुमचा तोल, सिलिंडरचा काटा हे सगळं तोच पाहतो. तो बाजूला केला तर उरतं काय, ते प्रामाणिकपणे बघा. सिलिंडर लावून स्कूटर चालवायची असेल तर आधी ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पायाभूत, पूर्ण कोर्स करा (त्याची मर्यादा 18 मीटर असते). त्यानंतरही काही डाइव्ह स्कूटरशिवाय, फक्त तोल सांभाळण्यासाठी करा. जो एका जागी, एका खोलीवर, हात न हलवता तरंगत थांबू शकत नाही, त्याच्या हाती स्कूटर देऊ नये. हे माझं मत थोडं कडक वाटेल, पण त्यात सूट देण्यासारखं काही मला दिसत नाही.

सिलिंडरशिवाय, नुसता स्नॉर्केल लावून चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पृष्ठभागावरच राहायचं. श्वास रोखून स्कूटरनं खाली जाणं दिसायला सोपं असतं, कारण पाय मारावे लागत नाहीत. म्हणूनच माणूस नेहमीपेक्षा खोल जातो. वर येताना पाण्याचा दाब उतरतो, त्याबरोबर रक्तातल्या ऑक्सिजनचा दाबही झपकन उतरतो आणि पृष्ठभागापासून हातभर अंतरावर शुद्ध जाते. धडपड नाही, आवाज नाही. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची विहिरीवरची जुनी सवय तर सगळ्यात घातक. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त "आता श्वास घे" ही शरीराची सूचना उशिरा येते.

सर्दी असेल, कान दुखत असेल, रात्री पार्टी झाली असेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका.

टप्पा 2: पाणी निवडा

विहीर नको. आत मोटारीचा पाइप, फुटव्हॉल्व्ह, दोर आणि विजेची केबल असते, वळायला जागा नसते, आणि पंख्यात दोर गुंतला तर सोडवायला उजेडही नसतो.

शेततळं त्याहून नको. डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात शेततळ्यांची संख्या मोठी आहे आणि पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून मोह होतो. पण उताराला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाला येऊन वर चढू शकत नाही. बाहेर पडायलाच येत नाही, तिथे आत जायची मशीन काय कामाची?

उजनी धरणाबद्दल सतत विचारलं जातं. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि कारणं ही. पाणी गढूळ, त्यात शेवाळ. मच्छीमारांची नायलॉनची जाळी पाण्यात दिसत नाहीत, ती अंगाला लागल्यावरच कळतात. बुडालेली बांधकामं आणि बाभळींचे बुंधे तळाशी आहेतच. वारा सुटला की तिथलं पाणी काय करतं हे मे 2024 मध्ये कळलं: कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. शिवाय एक गोष्ट डायव्हर मंडळीही विसरतात. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटरवर आहे. 300 मीटरच्या वरचं पाणी म्हणजे उंचीवरचं डायव्हिंग, तिथे समुद्राचे तक्ते (किती खोलीवर किती वेळ थांबायचं ते सांगणारे) जसेच्या तसे लागू होत नाहीत.

उरतात दोन जागा. सरावाला पोहण्याचा तलाव, तोही व्यवस्थापकाची परवानगी घेऊन आणि गर्दी नसलेल्या वेळी. आणि नंतर समुद्र, तिथल्या डायव्हिंग केंद्राच्या बोटीवरून, ऑक्टोबर ते मे या हंगामात.

> सावधान: धरणाचे दरवाजे, कालव्याचं तोंड, उपसा सिंचनाचे पंप यांच्या आसपास कुठल्याही कारणानं पाण्यात उतरू नका. त्या ओढीपुढे स्कूटरची ताकद काहीच नाही.

टप्पा 3: बॅटरी आणि सोलापूरचं ऊन

लिथियम बॅटरी साधारण 0 ते 45 अंशांदरम्यान चार्ज करायची असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त तापमान सहज असतं. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा, फरशीवर, गादी-चादरीपासून लांब, आणि घरात कुणी जागं असताना. पाण्यातून काढलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, ती गार आणि कोरडी होऊ द्या. काच लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं, आणि फुगलेली बॅटरी वापरणं म्हणजे आपलं.

विमानानं गोव्याला जाणार असाल तर बॅटरीवरचा वॅट-अवर आकडा आधी पाहा. तो नसेल तर व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणा: 22.2 व्होल्ट आणि 4.4 अँपिअर-अवर म्हणजे सुमारे 98. शंभरपर्यंत चालते, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, 160 च्या वर प्रवासी विमानात नेताच येत नाही. सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत, तोंडांना चिकटपट्टी लावून. सामानाच्या बॅगेत टाकलीत तर तपासणीत अडकाल.

टप्पा 4: झाकण आणि ओ-रिंग

स्कूटरमध्ये पाणी शिरलं की बहुतेक वेळा दोष ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाखालच्या गोल रबरी कड्यावर, पडलेल्या कणाचा असतो. आणि इथे एक खास आपली चूक होते: घरात हाताशी सोलापुरी टॉवेल असतो, त्यानंच रिंग पुसली जाते. टेरी टॉवेलचा एक बारीक तंतू रिंगवर आडवा बसला की तेवढ्या जागी झाकण नीट बसत नाही. पृष्ठभागावर काही कळत नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि पाणी त्या तंतूच्या वाटेनं आत येतं. चष्मा पुसायचं, धागे न सुटणारं कापड वापरा.

क्रम असा ठेवा. हात धुऊन कोरडे करा. रिंग बोटानं किंवा प्लास्टिक कार्डाच्या कडेनं काढा, सुई-स्क्रूड्रायव्हर लावू नका. रिंग दोन बोटांतून हळूहळू फिरवा, चीर किंवा कण बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर. खाच पुसा. सिलिकॉन ग्रीस इतकंच लावा की रिंग चमकेल. ग्रीसचे गोळे दिसले तर जास्त झालं. गाडीचं ग्रीस किंवा व्हॅसलीन नको, त्यानं रबर फुगू शकतं. झाकण लावताना पीळ पडलेला नाही ना, हे उजेडात बघा.

> तपासा: बॅटरी काढून रिकामी स्कूटर बादलीत दहा मिनिटं पूर्ण बुडवून धरा. बुडबुड्यांची सलग रांग दिसली तर झाकण पुन्हा उघडा. बाहेर काढून नीट पुसल्यावरच उघडून आत हात फिरवा.

हे काम घरी, छताचा पंखा बंद करून करा. बीचवर वाळूत बसून कधीही नको.

टप्पा 5: तोल, गोड्या पाण्यात आणि खाऱ्यात

आपल्यासारख्या समुद्रापासून लांबच्या लोकांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. सराव तलावात, म्हणजे गोड्या पाण्यात. प्रत्यक्ष डाइव्ह समुद्रात. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. आठ लिटर पाणी बाजूला सारणारी स्कूटर समुद्रात सुमारे 200 ग्रॅमनं जास्त वर उचलली जाते. तलावात जी हातात अधांतरी राहत होती, ती समुद्रात वर पळते. याच हिशेबानं सगळ्या सरंजामासह शंभर लिटरच्या माणसाला समुद्रात अडीच किलो शिसं जास्त लागतं.

स्कूटर सोडली की ती जागीच राहावी किंवा अगदी सावकाश वर जावी, इतपत तोल ठेवा. बऱ्याच स्कूटरना त्यासाठी समुद्राचं आणि गोड्या पाण्याचं वेगळं वजन येतं, ते बदलायला विसरू नका. नाक खाली झुकतं की शेपूट, तेही बघा. नाक सतत वर राहणारी स्कूटर मनगटांशी झगडत राहते आणि नकळत तुम्हाला वर घेऊन जाते.

> तपासा: समुद्रात पोहोचल्यावर बोटीच्या शेजारी, दोरी लावून, स्कूटर बंद ठेवून पाण्यात सोडा. ती काय करते ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टप्पा 6: लोंबणारं काही नको

पंखा ओढतो आणि कापत नाही, गुंडाळतो. मोकळे केस, मास्कचा पट्टा, स्नॉर्केल, कॅमेऱ्याची दोरी, बीसीडीचे (तोल सांभाळण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटचे) बंद, हवेच्या काट्याचा पाइप हे सगळं आवळून, खोचून घ्या. लांब केसांची वेणी घालून टोपीत. ओढणी, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी हॉटेलवर. पंख्याची जाळी तुटलेली असेल तर स्कूटर वापरायची नाही, तारेनं बांधून तर मुळीच नाही.

स्कूटरची दोरी मनगटाला बांधू नका. स्कूटर जाळ्यात अडकली किंवा ट्रिगर अडकून पळत सुटली, तर तिच्यासोबत तुम्हीही जाल. एका हातानं, न बघता सुटेल अशी कडी लावा आणि ती शरीराच्या पट्ट्यावरच्या डी-रिंगला (इंग्रजी डी आकाराच्या कडीला) अडकवा. मोठ्या, एका हातानं चालणाऱ्या स्कूटरची ओढ दोन्ही पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यावर यायला हवी आणि हात कोपरात जरासे वाकलेले राहायला हवेत. खांदे दुखू लागले तर दोरीची लांबी चुकली आहे.

दोन्ही हातांना पोहोचेल अशा जागी दोर कापायचं कटर ठेवा. पायाला बांधलेला चाकू सिनेमात छान दिसतो, गुंतल्यावर तिथवर हात जात नाही.

टप्पा 7: तलावातला सराव, आधी बंद स्कूटरनं

पहिली फेरी स्कूटर बंद ठेवून मारा. तिला अंगाला अडकवून तलावाची लांबी फक्त फिन्सनं (पायातल्या वल्ह्यांनी) पार करा, थांबा, परत या. किती दमछाक होते ते आत्ताच कळू द्या. बंद पडलेली स्कूटर पाण्यात चांगलाच अडथळा करते.

मग चालू करा, सगळ्यात कमी वेगावर. सरळ जाणं, सोडून थांबणं, रुंद वळण. यातलं थांबणं जास्त वेळा करा. त्यानंतर जोडीदाराला ओढून नेण्याचा सराव: तो तुमच्या पट्ट्याला मागून धरतो, त्याचे पाय पंख्याच्या पाण्याच्या झोतात येत नाहीत. शेवटी ट्रिगर अडकल्याचं सोंग करा. स्कूटर हातभर लांब, आडवी, माणसांपासून उलट्या दिशेला धरायची आणि मुख्य स्विच बंद करायचा किंवा चुंबकाची चावी ओढायची. तरीही थांबली नाही तर कडी सोडून ती जाऊ द्यायची. किंमत आठवून धरून ठेवू नका. पंखा हातानं थांबवायला तर जाऊच नका.

लहान मुलांच्या हातात देताना छातीएवढं पाणी, कमी वेग, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर. काठावर मोबाइल घेऊन बसणं म्हणजे लक्ष ठेवणं होत नाही.

टप्पा 8: समुद्रात उतरणं, स्कूटर न चालवता

नाक खाली करून ट्रिगर दाबायचा आणि सुसाट खाली जायचं: व्हिडिओत सगळे हेच करतात, आणि कानाचा पडदा इथेच जातो. दाबातला सगळ्यात मोठा सापेक्ष फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. कान मोकळे करायला नाक चिमटीत धरावं लागतं, त्याला एक हात हवा. बीसीडीत हवा भरायला-सोडायला दुसरा. छोट्या स्कूटरना मात्र दोन्ही हातांनी दोन्ही ट्रिगर दाबून ठेवावे लागतात. तिसरा हात आणणार कुठून?

म्हणून क्रम पक्का. स्कूटर बंद, अंगाला अडकवलेली. नांगराच्या दोरीनं, पाय खाली ठेवून उतरा. दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी कान मोकळे करा. दुखलं तर थोडं वर या. ठरलेल्या खोलीवर पोहोचून तोल साधा, जोडीदाराला खूण करा, त्याची खूण येऊ द्या. मग स्कूटर हातात घ्या.

टप्पा 9: चालवणं आणि परतीचा हिशेब

स्कूटर सेकंदाला 1.2 मीटर जाते असं धरा. पाच मिनिटांत 360 मीटर. ती तिथे बंद पडली तर फिन्सनं सेकंदाला 0.4 मीटरच्या गतीनं परतायला 15 मिनिटं लागतात, तीही प्रवाह उलटा नसेल तर. आणि दमलेला माणूस हवा जास्त ओढतो. दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या दुप्पट हवा लागतेच.

त्यामुळे सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं करा. बॅटरी एक तृतीयांश संपली किंवा हवा एक तृतीयांश संपली, जे आधी होईल तिथे वळा. सिलिंडरमध्ये 200 बार (हवेच्या दाबाचं एकक) घेऊन उतरलात तर सुमारे 130 ला तोंड बोटीकडे. पहिल्या काही डाइव्हमध्ये तर बोटीची दोरी दिसत राहील एवढ्यातच फिरा. बॅटरीच्या दिव्यांवर फार विसंबू नका, शेवटचा दिवा फार लवकर विझतो. घड्याळ बघा.

स्कूटर हातात असली की खोलीकडे लक्ष राहत नाही. श्वास सलग चालू ठेवा, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं घड्याळ) मनगटावर असा फिरवून बांधा की ट्रिगर न सोडता दिसेल. तळापासून दोन मीटर वर राहा. वाळू उडाली की मागच्याला काही दिसत नाही, आणि मालवणचा काही भाग सागरी अभयारण्यात येतो, तिथल्या प्रवाळावर पंख्याचा झोत मारायचा नसतो.

दोघांत एकच स्कूटर असेल तर नेऊच नका. दोन असतील तर वेग हळू स्कूटरचा. शेजारी-शेजारी, दोन-तीन मीटर अंतर ठेवून चाला. पुढे-मागे चाललात तर मागचा हरवल्याचं पुढच्याला कळत नाही.

> सावधान: जाळं दिसलं की ट्रिगर सोडा, मागे सरका. "वरून निघून जाऊ" असा विचार करू नका, जाळ्याचा दुसरा भाग तुम्हाला दिसलेला नसतो.

टप्पा 10: वर येणं, पुन्हा स्कूटर बंद

सुरक्षित वर येण्याचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त 9 मीटर. स्कूटर तेवढं अंतर सात-आठ सेकंदांत काढते. दहा मीटरवर फुप्फुसात असलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते, आणि श्वास रोखलेला असेल तर दीड मीटरवरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून वर येताना स्कूटर बंद, कडीला अडकवलेली, बीसीडीतली हवा थोडी-थोडी सोडत, पायांनी. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा.

थांबलेले असताना कान द्या. स्कूटरच्या आवाजात बोटीचं इंजिन ऐकू आलेलं नसतं, आणि हंगामात तिथे बनाना बोटी, पॅरासेलिंगच्या बोटी, मच्छीमारांच्या होड्या सगळंच चालू असतं. बोटीपासून लांब असाल तर खूणफुगा आधी वर सोडा. पृष्ठभागावर येताना गोल फिरून चारी दिशा बघा.

टप्पा 11: धुणं, आणि घाट

स्कूटर मालवणातच धुवा, गाडीत टाकण्याआधी. मीठ वाळलं की खडे होतात आणि ट्रिगर अडकण्याची सुरुवात तिथूनच होते. गोड्या पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा, ट्रिगर दहा-बारा वेळा दाबा. घरी येऊन धुऊ म्हणाल तर सोलापुरात त्या दिवशी नळाला पाणी असेलच याची खात्री कुणी द्यावी, आणि बोअरच्या पाण्याचे क्षार पांढरे डाग ठेवून जातात. पूर्ण वाळल्यावर झाकण उघडा, बॅटरी काढा, निम्म्या चार्जवर ठेवा.

आता प्रवास. दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी आंबोलीतून परत, हा बेत बदला. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, तोवर उंचीवर गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी आणि सुमारे 600 मीटरवरच्या उंचीसाठी नियम एकच: एका डाइव्हनंतर 12 तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर 18 तास थांबणं. किनाऱ्यावर एक मुक्काम वाढवा, शेवटच्या दिवशी पाण्यात उतरू नका.

त्यानंतरच्या चोवीस तासांत सांधे दुखले, हातपाय बधिर वाटले, चक्कर आली, अंगावर चट्टे उठले किंवा कारण नसताना गळून गेल्यासारखं झालं, तर "गाडीत बसून अंग आखडलं" म्हणून बाम लावत बसू नका. आडवं पडून शुद्ध ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्याच वाक्यात सांगा: काल डायव्हिंग केलंय, इतक्या मीटरवर, इतका वेळ, इतक्या वाजता वर आलो. डाइव्ह कॉम्प्युटर सोबत न्या, त्यात हे सगळं नोंदलेलं असतं.